बॅलरॅटचा गोल्ड रश वॉक : तयारी कशी करायची, कुठून सुरुवात करायची आणि कुठे चुकतं

मेलबर्नला मुलांकडे तीन महिन्यांसाठी आई-बाबा आले की एक दिवस बॅलरॅटचा ठरलेला असतो. गाडी थेट सॉव्हरिन हिल या खुल्या संग्रहालयाच्या पार्किंगला लागते. दिवसभर फोटो निघतात, घोडागाडीची चक्कर होते आणि अंधार पडायच्या आत मंडळी घरी. खरं बॅलरॅट गाव तिथून हाकेच्या अंतरावर असतं, पण तिकडे कुणी फिरकतच नाही. काही जण गाइडबरोबरच्या वॉकचं बुकिंग करतात, पण ते दुपारी तीनचं. तोवर पाहुण्यांचे पाय बोलायला लागलेले असतात. गाइड जीव तोडून सांगत असतो आणि आपली माणसं बसायला कट्टा शोधत असतात.

बरीच वर्षं मी पाहुण्यांना तिकडे नेत आहे. सुरुवातीला याच चुका मीही केल्या. चांगल्या वॉकची मदार क्रमावर आहे : आधी जमीन, मग गाव, संग्रहालय सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटला की गाइड कितीही चांगला असला तरी त्याच्या गोष्टी कानावरून जातात.

## १. गाव ठरवा, आणि एकच ठरवा

व्हिक्टोरिया राज्यात गोल्ड रशची, म्हणजे सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली तेव्हाची, गावं बरीच आहेत. पहिल्यांदा जाणार असाल तर बॅलरॅट घ्या. मेलबर्नपासून ते साधारण ११५ किलोमीटरवर आहे, रेल्वे थेट जुन्या गावात उतरवते आणि बघण्यासारखं बहुतेक सगळं चालत होतं.

बेंडिगो दीडशे किलोमीटरवर. तिथे पॉल मॉल रस्त्यावरच्या दिमाखदार इमारती, चिनी खाणकामगारांचं देऊळ म्हणजे जॉस हाऊस, गोल्डन ड्रॅगन संग्रहालय आणि १९५४ पर्यंत चालू असलेली सेंट्रल डेबोरा खाण आहे. चिनी लोकांचा इतिहास मुख्यतः बघायचा असेल तर बेंडिगोच निवडा. कॅसलमेनला जायचं ते रानातल्या जुन्या खणत्या बघायला. बीचवर्थ सुंदर आहे, पण पावणेतीनशे किलोमीटरवर, त्यामुळे मुक्कामाची तयारी हवी.

सावधान : बॅलरॅट आणि बेंडिगो एकाच दिवसात करू नका. दोन्हीकडे गाडीच्या काचेतून इमारती दिसतील, वॉक एकाही गावात धड होणार नाही.

यापुढचं सगळं बॅलरॅट धरून सांगते.

## २. वॉक कोणता, ते नीट वाचा

इथे सगळ्यांत जास्त घोटाळा होतो. 'गोल्ड रश टूर' या नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात.

सॉव्हरिन हिल हे १९७० साली सुरू झालेलं खुलं संग्रहालय आहे. १८५० च्या दशकातलं गाव तिथे नव्यानं उभं केलंय आणि त्या काळच्या पोशाखातली माणसं वावरतात. फार मेहनतीनं केलंय, पण ते उभारलेलं गाव आहे. तिथली फेरी म्हणजे गावचा वॉक नव्हे.

गावचा वॉक लिडियार्ड स्ट्रीट आणि स्टर्ट स्ट्रीटच्या खऱ्या इमारतींमधून जातो. साधारण दीड ते दोन तासांचा असतो. आपल्याला हवा तो हा. रात्रीचे भुताखेतांचे वॉक वेगळे असतात. त्यात गोष्टी रंगतात, पण अंधारात इमारती दिसत नाहीत, म्हणून पहिला वॉक म्हणून ते घेऊ नका. चौथा प्रकार फोनवर नकाशा घेऊन एकट्यानं फिरायचा. गाइड मिळाला नाही तर तो चालतो, पण त्याला प्रश्न विचारता येत नाही.

तपासा : जाहिरातीत रस्त्यांची नावं दिली आहेत का? लिडियार्ड स्ट्रीट, कॅम्प स्ट्रीट, बेकरी हिल यांपैकी एकही नाव नसेल तर बुकिंगआधी विचारून घ्या.

## ३. बुकिंग करताना विचारायचे प्रश्न

वॉकच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात आणि काही वॉक ठरावीक वारीच असतात. निदान आठवडाभर आधी फोन किंवा ईमेल करा. टाउन हॉलमधल्या पर्यटक माहिती केंद्रातही चौकशी करता येते. सकाळचा, शक्यतो साडेदहा-अकराचा वॉक मागा. मग हे विचारा :

- भेटायचं ठिकाण कुठलं, आणि वॉक संपतो कुठे? तो सुरू झाला तिथेच संपेल असं नाही.
- चढ-उतार किती? पायऱ्या किती? मध्ये कुठे बसता येतं?
- इमारतींच्या आत नेतात की बाहेरूनच दाखवतात?
- स्वच्छतागृह वाटेत आहे का, की आधीच जाऊन यायचं?
- किमान किती माणसं लागतात? कमी भरली तर वॉक रद्द होतो का, आणि ते कधी कळवतात?
- पाऊस पडला तर?

सोबत ज्येष्ठ माणसं आहेत हे स्पष्ट सांगा. 'दे आर फिट' म्हणून विषय संपवू नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे गाइडला आधी कळलं तर तो वाट बदलू शकतो, ऐन वेळी बदलणं त्याला जमत नाही.

सावधान : लिडियार्ड स्ट्रीटचे नॉर्थ आणि साउथ असे दोन भाग आहेत. मधून स्टर्ट स्ट्रीट जातो आणि घरक्रमांक दोन्ही बाजूंना नव्यानं सुरू होतात. एकदा मावशी आणि काकांना घेऊन मी नॉर्थच्या बारा नंबरसमोर पंधरा मिनिटं उभी होते आणि गाइड साउथला आमची वाट बघत होता. धावतपळत पोचलो तेव्हा पहिली दोन ठिकाणं झाली होती आणि मावशीला धाप लागली होती. पत्त्यात नॉर्थ-साउथ लिहिलेलं नसेल तर इमारतीचं नाव विचारून घ्या.

## ४. आदल्या दिवशी घरी अर्धा तास

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. गाइड इंग्रजीत, त्यातही ऑस्ट्रेलियन उच्चारात बोलतो आणि ऐकणाऱ्याला सगळं माहीत आहे असं धरून चालतो. तीन-चार गोष्टी आदल्या रात्री चहा घेताना मराठीत सांगून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी पाहुणे स्वतःहून माना डोलवतात.

सोनं तीन प्रकारे सापडलं, आणि गाव त्याच क्रमानं घडलं. पहिलं ओढ्याच्या गाळातलं, वरवरचं. १८५१ च्या ऑगस्टमध्ये पॉव्हर्टी पॉइंटला ते सापडलं. फावडं, पत्र्याचं ताट आणि पाणी असलं की एकटा माणूस कामाला लागू शके. दुसरं खोलातलं. प्राचीन नद्यांची पात्रं जमिनीखाली गाडली गेली होती आणि त्या वाळू-गोट्यांत सोनं होतं. त्यासाठी खोल विहिरीसारखे खड्डे खणावे लागत. गावाच्या पश्चिमेला तर त्या पात्रांवर लाव्हाचे थर होते, म्हणजे बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ असतो तोच. तो फोडायला वाफेची यंत्रं लागली, यंत्रांना पैसा लागला, पैशासाठी कंपन्या आणि शेअर आले. तिसरं सोनं गारगोटीच्या शिरांमधलं. ती गारगोटी फोडून, कुटून पूड करावी लागे.

एवढं सांगितलं की लिडियार्ड स्ट्रीटवर इतक्या बँका का आणि मायनिंग एक्स्चेंज, म्हणजे खाणींचा शेअरबाजार, कशासाठी, हे वेगळं समजावावं लागत नाही. ओढ्यातल्या सोन्याला बँक लागत नव्हती. कातळाखालच्या सोन्याला लागली.

परवाना. खणायचं असेल तर सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग भरायचे, सोनं सापडो न सापडो. खोल खड्ड्याच्या तळाशी पोचायला कित्येक महिने जात. तेवढे सगळे महिने हातात काही नसताना हप्ता चालूच, वर पोलीस परवाना तपासायला धाडी घालत. हा हिशेब सांगा, खाणकामगारांचा युरेकाचा उठाव आपोआप कळेल. १८५४ च्या नोव्हेंबरच्या शेवटी बेकरी हिलवर परवाने जाळले गेले. पीटर लेलर या आयरिश माणसाच्या नेतृत्वाखाली लाकडी कुंपण उभं राहिलं. ३ डिसेंबरला, रविवारी पहाटे, सैन्यानं त्यावर हल्ला केला. वीसहून जास्त खाणकामगार मेले. पुढे १३ जणांवर राजद्रोहाचा खटला भरला, शिक्षा एकालाही झाली नाही. १८५५ मध्ये तो परवाना गेला आणि वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट', म्हणजे खणायचा हक्क, आला. सुरुवातीचे महिना ३० शिलिंग म्हणजे वर्षाला १८ पौंड (वीस शिलिंगांचा एक पौंड), तिथून शेवटी एक पौंडावर. पाहुण्यांनाच गुणाकार करू द्या.

तपासा : झोपायच्या आधी विचारून बघा, 'सोनं मिळालं नाही तरी पैसे का भरावे लागायचे?' उत्तर आलं की तयारी झाली.

## ५. अंगावर काय, पिशवीत काय

बॅलरॅट समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंचीवर आहे. मेलबर्नपेक्षा तिथे हमखास थंडी जास्त, आणि वारा बोचरा. डिसेंबरमध्येसुद्धा सकाळी स्वेटर लागू शकतो आणि दुपारी ऊन चटके देतं. एकावर एक काढता-घालता येतील असे कपडे हवेत. साडी नेसणाऱ्यांनी शालीवर भागवू नये, शाल वाऱ्यावर उडत राहते. विंडचीटर घ्या.

चप्पल नको. जुन्या रस्त्यांच्या कडेला काळ्या दगडाची खोल गटारं आहेत आणि फूटपाथ सगळीकडे सपाट नाही. पाय बसलेले जुने बूट घाला. मुलानं कालच घेऊन दिलेले नवेकोरे बूट या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

पिशवीत पाणी, टोपी, सनस्क्रीन, रोजच्या गोळ्या आणि डब्यात ठेपले किंवा पोळी-भाजी. गावात कॅफे पुष्कळ आहेत, पण काटेकोर शाकाहारी माणसाला दुपारी दोनला जेवण शोधत फिरायला लावणं बरं नव्हे. स्टर्ट स्ट्रीटच्या मधोमध बाग आहे, बाकं आहेत. पीटर लेलरचा पुतळाही त्याच रस्त्यावर आहे.

## ६. पोचणं

रेल्वेनं जा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून व्हीलाइनची गाडी सव्वा ते दीड तासात पोचवते, भाड्याचं मायकी कार्ड चालतं आणि मार्च २०२३ पासून राज्यभरच्या गाड्यांचं दिवसाचं भाडं मेलबर्न शहराच्या दिवसभराच्या भाड्याइतकंच ठेवलंय. स्टेशन लिडियार्ड स्ट्रीट नॉर्थवरच आहे. १८६२ मध्ये इथे रेल्वे आली, त्यामुळे स्टेशनातून बाहेर पडतानाच वॉक सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

सावधान : काही गाड्या पुढे वेंडुरीपर्यंत जातात. फलाटावर पाटी 'वेंडुरी' दिसली म्हणून गाडी सोडू नका, ती बॅलरॅटला थांबते. मात्र डुलकी लागून वेंडुरीला उतरलात तर वॉक हुकलाच.

तपासा : शनिवार-रविवारी रुळांच्या कामासाठी गाडीऐवजी बस सोडतात आणि वेळ वाढतो. आदल्या रात्री व्हीलाइनच्या संकेतस्थळावर बघा. वॉकच्या वेळेआधी निदान तासभर पोचेल अशी गाडी धरा. हा तास वाया जात नाही, पुढच्या पायरीला लागतो.

कारनं जाणार असाल तर मध्यवर्ती रस्त्यांवर पार्किंगला वेळेची मर्यादा असते. दोन तासांच्या वॉकला एक तासाची जागा घेऊन दंडाची पावती घरी आणणारे ओळखीत बरेच आहेत.

## ७. गाइड भेटायच्या आधी : जमीन बघा

स्टेशनातून स्टर्ट स्ट्रीटकडे चालायला लागा. वाटेत डावीकडे कॅम्प स्ट्रीटचा भाग येतो. सरकारी छावणी इथे होती : आयुक्त, पोलीस, सैनिक. पूर्वेकडे बघा. जमीन उतरत जाते, आणि त्या खालच्या सपाटीवर खणणाऱ्यांचे तंबू होते. परवाने तपासणारे वर, चिखलात उभे असलेले खाली. इथे दोन मिनिटं शांतपणे थांबा.

मग स्टर्ट स्ट्रीटनं खाली उतरत ब्रिज स्ट्रीटमार्गे बेकरी हिलकडे जा. आता पायाखालचा रस्ता वळायला लागतो, आणि पुढचा मेन रोड तर सरळ जातच नाही. पश्चिमेकडचे रस्ते सरकारी मोजणीदारानं पट्टीनं आखलेले आहेत. पूर्वेकडचे खाणकामगारांच्या पायवाटांवरून, खड्ड्यांना वळसे घालत तयार झालेले. पुण्याच्या पाहुण्यांना मी सांगते, 'एक कॅम्प, एक पेठ,' की लगेच पटतं. यारोवी नदी या भागात रस्त्याखालून दगडी नाल्यातून वाहते. पाणी दिसत नाही, पण ते होतं म्हणूनच माणसं इथे जमली.

१८५८ च्या जूनमध्ये बेकरी हिलला सुमारे ५५ मीटर खोलीवर सोन्याचा एक गोळा सापडला, 'वेलकम नगेट'. वजन ६९ किलोच्या आसपास. धडधाकट माणसाएवढं.

सावधान : परतीचा रस्ता चढाचा आहे. जाऊन-येऊन पाऊण तास धरा. गुडघे दुखत असतील तर खाली चालत जा आणि वर टॅक्सीनं या, किंवा कॅम्प स्ट्रीटवरून उतार दाखवूनच थांबा.

## ८. वॉक चालू असताना

गाइडच्या उजव्या-डाव्या हाताला ज्येष्ठ माणसांना उभं करा, आपण मागे. वाऱ्यात मागच्यांना ऐकू येत नाही.

सारखं भाषांतर करू नका. मी आधी वाक्यावाक्याला सांगायचे. मग ना मला गाइड ऐकू यायचा, ना काकांना मी. आता सुरुवातीलाच गाइडला विनंती करते की प्रत्येक ठिकाणी सांगून झाल्यावर एक मिनिट द्या. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. त्या मिनिटात चार वाक्यांत सार सांगायचं.

नजर व्हरांड्याच्या वर ठेवायला सांगा. तळमजल्यावर आज दुकानं, कॅफे आहेत, जुनं गाव पहिल्या मजल्यापासून वर शाबूत आहे. क्रेग्ज हॉटेल, १८७५ चं हर मॅजेस्टीज थिएटर, १८८० च्या दशकातलं मायनिंग एक्स्चेंज आणि १८७० मध्ये सुरू झालेलं स्कूल ऑफ माइन्स ओळीनं भेटतात. प्रत्येकापाशी एकच प्रश्न विचारा : हे बांधलं तेव्हा सोनं कुठून निघत होतं, गाळातून की कातळाखालून? चांगला गाइड या प्रश्नानं खुलतो.

दोन गोष्टी गाइडनं काढल्या नाहीत तर तुम्ही काढा. ही जमीन इथल्या मूळ वदावुरंग लोकांची होती, त्यांचं काय झालं? आणि चिनी कामगार? व्हिक्टोरियानं १८५५ मध्ये जहाजानं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो टाळायला हजारो जण शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर उतरले आणि शेकडो किलोमीटर चालत आले. हे ऐकल्यावर आपल्या दोन तासांच्या चालण्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही.

टिप देण्याची इथे रीत नाही. गाइड स्वयंसेवक असेल तर त्यांच्या संस्थेच्या पेटीत स्वखुशीनं काही टाकावं.

## ९. जेवण, आणि मगच संग्रहालय

वॉकनंतर निदान तासभर बसा. मग एकच ठिकाण निवडा.

युरेका सेंटर गावापासून साधारण दोन किलोमीटरवर आहे. उठावाचा मूळ झेंडा तिथे जपलाय : निळ्या कापडावर पांढरा क्रूस आणि तारे. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेल्यामुळे तो फाटका आहे. खोलीत उजेड मंद ठेवतात. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबा, आणि फ्लॅश बंद.

सॉव्हरिन हिलला निदान चार तास लागतात, म्हणून ते दुसऱ्या दिवशी ठेवलेलं बरं. काही वारी ते बंद असतं, तारीख बघून घ्या. जमिनीखालच्या खाणीच्या फेरीत पायऱ्या, अंधार आणि अरुंद जागा असते. बंद जागेत घाबरणाऱ्यांना आधी सांगा, आत गेल्यावर नव्हे.

तिथल्या ओढ्यात सोनं धुता येतं आणि सापडलेला कण ठेवून घेता येतो. बहुतेकांना मिळत नाही, कारण घाई. ताट पाण्यात पूर्ण बुडवून आधी जोरात आडवं हलवा. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू जेमतेम अडीचपट, त्यामुळे सोनं तळाशी बसतं. मग ताट थोडं तिरकं करून वरची वाळू एकेका लाटेनं सोडा. पुन्हा आडवं हलवा, पुन्हा सोडा. शेवटी काळ्या वाळूची चंद्रकोर उरली की पाणी अगदी थेंबभर ठेवून हळूच फिरवा. मावशीचं बालपण कोल्हापुरात सराफकट्ट्याजवळ गेलं. ताट हातात घेताच ती म्हणाली, 'अगं, हे तर झारेकऱ्यांचं काम! पहाटे येऊन दुकानांपुढची माती गोळा करून न्यायचे.' तिनं मनगट असं फिरवलं की तिसऱ्या ताटात रव्याच्या कणाएवढं पिवळं काहीतरी चमकलं, आणि शेजारचं मूल आपलं ताट सोडून बघायला आलं.

## १०. रानातल्या खणत्यांकडे वळणार असाल तर

कॅसलमेनच्या आसपासच्या रानात जुने खड्डे अजून उघडे आहेत. काही पालापाचोळ्यानं झाकलेले, कित्येक मीटर खोल. आखलेली पायवाट एक पाऊलही सोडू नका, लहान मुलांचा हात धरा. उन्हाळ्यात साप असतात. आगीचा धोका जाहीर झालेल्या दिवशी जाऊच नका. धोक्याच्या सूचना देणारं व्हिकइमर्जन्सी ॲप सकाळी बघा. मदतीसाठी क्रमांक ०००.

तिथे दगड, बाटलीचा तुकडा, गंजलेला खिळा काहीही उचलायचं नाही. सोनं शोधायचं असेल तर आजही मायनर्स राइट घ्यावा लागतो, नाव तेच, १८५५ चं. तो दहा वर्षं चालतो, पण राष्ट्रीय उद्यानांत आणि वारसास्थळांवर तो चालेलच असं नाही. कुठे चालतो ते आधी तपासा.

परतीची गाडी पकडताना स्टेशनवर मायकी टच ऑन करायला पाहुण्यांना आठवण करा, आणि सदर्न क्रॉसला टच ऑफ. दमलेली माणसं इथेच विसरतात.